शलमोननं वाचलेली चिठ्ठी

आमच्या शलमोननं सलाम घ्यायचं सोडलं होतं. समोरून माणूस येतो, हसतो, हात कपाळाला लावतो, आणि हा नाक वर करून पुढं निघून जातो. हे काय वागणं झालं? श्रीरामपुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीतली घरं सगळी एकमेकांना ओळखणारी. कुणाच्या घरी काय शिजलं ते दुपारपर्यंत चौथ्या घरी कळतं. अशात पाळकसाहेबांच्या बायकोला, पाळकीणबाईंना, भर रस्त्यात टाळून पुढं जायचं म्हणजे हद्द झाली.

बनुबाई तर मुद्दाम दारात येऊन उभी राहिली. "दयाबाई, तुमचे गुरुजी आता लई मोठे झाले बरं का. काल बाजारात मी हात वर केला, तर माझ्याकडं असं बघितलं जसा मी विजेचा खांब हाय."

"तुझ्या आकाराचा खांब अजून सरकारनं काढला न्हाई," मी म्हटलं. "चहा घेतीस का?"

तिला वाटेला लावलं, पण शलमोन शाळेतून आल्याबरोबर त्याला धरला. म्हटलं, तुला माणसं दिसत न्हाईत का रस्त्यानं? तो बुटाची नाडी सोडत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "लक्ष नसेल माझं, आई."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण खरं सांगायचं तर आतून मला बरंच वाटलं होतं. मालक रेल्वेत गँगमन, शलमोन सातवीत असताना गेले. मी तीस वर्षं मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात चुलीपुढं काढली. माझं शिक्षण तिसरी. मराठी अक्षराला अक्षर लावून वाचते, इंग्रजीचं काही कळत नाही. त्या चुलीवर मी पोराला मास्तर केला. एकोणीस वर्षं रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला नेमलेला उतारा, तोच वाचतो. तो पुढं गेला, चष्मा पुसला, पान उघडलं, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होतात. मी तिसऱ्या बाकावर कडेला बसते, तिथून बायांची तोंडं दिसतात. अशा माणसाला थोडा ताठा आला तर येऊ दे, माझ्याच पोटचा आहे, असं मी मनात म्हटलं.

साखर त्याला पस्तिसाव्या वर्षी निघाली. आता तो चव्वेचाळीसचा. गोळी आठवली तर घ्यायची, नाही आठवली तर नाही. नाताळात करंज्या मी स्वतः त्याच्या ताटात वाढायची. रूथ म्हणायची, "आई, एकच द्या." मी दोन द्यायची, तिच्यासमोर.

रूथ म्हणजे माझी सून. नेवाशाची, बारावी झालेली, घरी शिवणकाम करते. बोलायला कमी. मूल झालं नाही, त्याचं खापर मी वर्षानुवर्षं तिच्याच डोक्यावर फोडलं. डॉक्टरला विचारावं असं मला कधी वाटलं नाही, कारण माझ्या लेकात खोट असेल हे माझ्या मनातच येत नव्हतं. वर ती शनिवारी दुपारी आतल्या खोलीत बसून दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ मोठ्यानं वाचायची. एकदा, दोनदा, दहादा. शलमोन डोळे मिटून ओठ हलवत बसायचा. मी बाहेरून ऐकायची आणि जळायची. मास्तर कोण या घरात? "रूथ, तुझं वाचन झालं असेल तर ज्वारी निवडायची हाय," मी ओरडायची. ती यायची, सूप घ्यायची आणि निवडत बसायची. काही बोलायची नाही. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं असंही नाही.

गेल्या ऑगस्टात शाळेच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर झालं. नगरच्या मोठ्या दवाखान्यातून डॉक्टर आले होते. रांगा लावायला, नावं पुकारायला शलमोनच होता. रांग संपली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यालाच खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, गुरुजी, साखर आहे ना तुम्हाला, मग बसा. डोळ्यात औषध घातलं, अंधार केला आणि कितीतरी वेळ बघत बसल्या.

घरी आला तेव्हा त्याच्या हातात थेंबांची बाटली आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठी इंग्रजीत, वरपासून खालपर्यंत भरलेली, तळाला लाल रेघ.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" मी विचारलं.

त्यानं चिठ्ठी उघडली. लांब धरली, जवळ आणली. "थेंब लिहिलेत. दिवसातनं तीनदा. आणि सहा महिन्यांनी दाखवा म्हणतात."

"एवढंच? कागद तर भरून काढलाय."

"डॉक्टरांना लिहायची सवय असते, आई."

रूथनं ओला हात पदराला पुसून पुढं केला. "बघू, मी पन वाचते एकदा."

"घरात मास्तर असताना बारावीवालीनं कशाला वाचायचं?" मी म्हटलं.

रूथनं हात मागं घेतला. मी शलमोनच्या हातून चिठ्ठी घेतली, चौघडी केली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली. ती घडी माझ्या हाताची आहे. बरेच महिने हे मी कुणाला सांगितलं नाही. इथं सांगते.

दिवाळी झाली, नाताळ झाला. शलमोनचे पाय सुजायला लागले. बूट चढेनात म्हणून चपला घालून शाळेत जाऊ लागला. सकाळी उठला की तोंड भरलेलं दिसायचं, डोळ्याखाली फुगलेलं. मी म्हणायची, अंगानं भरलास, बायको चांगलं खायला घालतीय वाटतं. गाडी चालवणं त्यानं सोडलं, म्हणाला, चालणं चांगलं असतं. फळ्यावर लिहायचं काम तो पोरांनाच सांगायचा. मला वाटलं, मास्तर मोठा झाला की पोरं लिहितात.

एकदा रूथ मोरीतून आली आणि माझ्याजवळ हळूच बसली. "आई, ह्यांच्या लघवीला फेस येतो. लई येतो. साबणासारखा, पानी वतलं तरी जात न्हाई. माझ्या माहेरी एका काकाला—"

"नवऱ्याचं मोरीतलं बघत बसतीस?" मी म्हटलं. "दुसरं काम न्हाई का तुला?"

ती उठून गेली. ही दुसरी घडी. तीही मीच घातली.

एप्रिल लागला. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, दोन आठवड्यांवर आला होता. सकाळी शलमोन भाकरी खात होता आणि एकदम ताटावर हात फिरवायला लागला, माशा हाकलाव्या तसा. ताटावर माशी नव्हती.

"काय करतोस रे?"

"काळे धागे पडतायत, आई. डाव्या डोळ्यापुढं." मग हात थांबला. "आता सगळंच लाल झालं."

दुपारच्या एसटीनं आम्ही तिघं नगरला निघालो. राहुरीपर्यंत तो खिडकीला डोकं लावून बसला होता. रूथ एका हातानं त्याचा हात धरून, दुसऱ्या हातानं पिशवी धरून. येताना तिनं रेशनकार्डाची पिशवीच उचलून आणली होती.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. शलमोनला बघून म्हणाल्या, "या, गुरुजी. किडनीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?"

मी म्हटलं, "बाई, आमी डोळ्यासाठी आलोय."

"ते कळलं, आजी. पण ऑगस्टमध्ये मी लिहून दिलं होतं. लघवीतलं प्रोटीन तपासा, रक्तातलं क्रिएटिनिन तपासा आणि तातडीनं किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. खाली लाल रेघ मारली होती. कुणी वाचली नाही का चिठ्ठी?"

"वाचली की," मी ताठ मानेनं म्हटलं. "माझा मुलगा मास्तर हाय."

रूथनं पिशवीतून चिठ्ठी काढली. डॉक्टरीणबाईंनी ती घेतली, उघडली आणि शलमोनच्या हातात दिली. "वाचा बरं, गुरुजी."

शलमोननं चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली, देवळात धरतो तशी. "थेंब..." म्हणाला आणि थांबला.

चिठ्ठी उलटी होती. मला इंग्रजी येत नाही, पण तळाची लाल रेघ वरती आली होती. तेवढं तिसरीवालीलाही कळलं.

मग रूथनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला, सरळ केला आणि वाचायला लागली. एकेक इंग्रजी शब्द वाचून त्याचं मराठी करून सांगितलं. कुठंही अडली नाही. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

"कधीपासून दिसत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दीड वर्ष झालं असेल," शलमोन म्हणाला. "मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. माणूस येतोय हे कळतं, तोंड कळत नाही."

"आन् देवळात?" मी विचारलं.

"रूथ वाचते, मी पाठ करतो. शाळेचं पुस्तक तर तोंडपाठच आहे." मग म्हणाला, "शिबिरात बाई बोलल्या होत्या, आई. पडद्यावर रक्त आहे, इतकं ऐकलं. त्यापुढचं कानातच शिरलं नाही. घरी आलो, तर तू दारात उभी. मी काय वाचतो याची वाट बघत."

मी बाईंना विचारलं, डोळ्याचं दुखणं डोळ्यात, ते कमरेतल्या मूत्रपिंडापर्यंत गेलं कसं? त्यांनी समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत, आणि त्यांनी रागवायला हवं होतं. डोळ्याच्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. तशाच बारीक वाहिन्यांचे गुच्छ मूत्रपिंडात असतात, रक्त गाळायला. साखर आणि वाढलेलं बीपी दोन्ही ठिकाणी सारखंच पोखरत जातं. डोळ्यात भिंग लावून बघता येतं, मूत्रपिंडात तसं बघता येत नाही. म्हणून डोळा असा झिरपताना दिसला, की लघवी तपासायची. तिथंही गळती लागलेली असू शकते, आणि माणसाला काही दुखत नसतं.

मला लगेच कळलं. वसतिगृहात एका पोत्यातला गहू मी दोन कोठ्यांत भरायची. एका कोठीत सोंडे किडे दिसले की दुसरीचं झाकण उघडून बघायलासुद्धा थांबायची नाही, दोन्ही कोठ्या उन्हात ओतायची. तीस वर्षं. एकदाही चुकले नाही. गव्हाला लावलं ते डोकं मी लेकाला लावलं नाही.

किडनीचे डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. रक्त घेतलं, लघवी घेतली, पोटाचं सोनोग्राफीवर बघितलं. क्रिएटिनिन सात पूर्णांक दोन. किती असायला हवं असं रूथनं विचारलं, तर म्हणाले, एकच्या आसपास. ऑगस्टात किती असेल? ते म्हणाले, आता कसं सांगणार, पण बरंच कमी असणार. तेव्हा औषधांनी डायलिसिस लांबवता आलं असतं. काही वर्षंही लांबलं असतं.

काही वर्षं! मी ती घडी करून पिशवीत ठेवली होती.

"माझं एक काढून घ्या," मी म्हटलं. "मूत्रपिंड. मी टणक हाय, आजून दोन घागरी उचलते."

डॉक्टरांनी माझं बीपी बघितलं, वय विचारलं. "सदुसष्ट? आणि बीपी एकशे ऐंशी? आजी, तुमचं नाही घेता येणार."

"मग सांगा ना काय घेता येतं! रक्त घ्या, कातडं घ्या."

"तुमचं काही नको. यांनी वेळेवर यावं, एवढंच हवं." त्यांनी कागदावर लिहिलं आणि या वेळी कागद सरळ रूथकडं दिला. डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं लहान ऑपरेशन, येत्या गुरुवारी. ती जोडणी पिकायला महिना-दीड महिना लागतो. मधेच श्वास लागला तर थांबायचं नाही, मानेत नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागेल. डोळ्याला लेझर, इंजेक्शन, जे वाचेल ते वाचवायचं.

शलमोन म्हणाला, "सणानंतर येतो, डॉक्टर. सणाला शास्त्रपाठ माझा असतो. एवढं एकदा वाचतो, मग हात कापा, मान कापा."

आता ऐका मी काय केलं. शहाणी आई असती तर तिनं त्याच्या मुस्कटात दिली असती. मी डॉक्टरांपुढं हात जोडले. म्हटलं, "साहेब, दहा दिवसांचाच तर प्रश्न हाय. एकोणीस वर्षं वाचतोय तो. लोकांना कळलं तर शाळेत, मंडळीत काय तोंड दाखवायचं? तेवढे दिवस द्या."

डॉक्टर म्हणाले, "आजी, दिवस मी देत नसतो."

एसटीत परत येताना रूथ खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गुरुवार तुमी घालवलात, आई." ओरडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला काहीतरी बजावलं होतं. एरवी मी दहा शब्द ऐकवले असते.

गुरुवार गेला. सणाआधीचा झावळ्यांचा रविवार गेला, त्या दिवशी शलमोननं पाठ म्हटला. पान उघडून, बोट ठेवून. बोट एकाच ओळीवर होतं, मला तिसऱ्या बाकावरून दिसत होतं. बाया माना डोलवत होत्या. दीड वर्ष मी हेच बघून फुगत होते. आता त्याच्या प्रत्येक शब्दाला मला वाटत होतं, की आता अडेल, आता अडेल. अडला नाही. बाहेर येऊन पिंपळाखाली ओकला. पाळकीणबाई म्हणाल्या, ऊन लागलं असेल. मी म्हटलं, व्हय, ऊनच.

मग त्याचं खाणं सुटलं. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणायचा. अंग खाजवून खाजवून रक्त काढायचा. शुभ शुक्रवारच्या उपासनेला गेला नाही, मी सगळ्यांना सांगितलं, उपास कडक धरलाय. शनिवारी सकाळी बघते तर भिंतीला टेकून बसलेला. आडवं व्हायला येईना. दोन शब्द बोलला की तिसऱ्याला श्वास. पाय गुडघ्यापर्यंत असे, की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. मी दाबून बघितलं. खड्डा भरून येईना. मी पुन्हा दाबलं. वेडी झाले होते मी.

रूथनं बॅग भरली होती. शेजारच्या अमृतला त्याची गाडी आणायला सांगून आली होती. "चला," ती शलमोनला म्हणाली.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी... वाचून... सरळ तिथूनच."

"तुमाला बसता येत न्हाई, उभं कसं राहनार?"

"राहीन."

तिनं त्याचा दंड धरला, त्यानं झटकला. अंगात ताकद नव्हती तरी झटकला. रूथ माझ्याकडं वळली, आणि लग्नाच्या तेरा वर्षांत जे साठलं होतं ते एका दमात बाहेर आलं. "तुमी सांगा त्यांना! माझं ऐकत न्हाईत, माझं कधी ऐकलंय या घरात कुणी? ते तुमच्यासाठी वाचतात. देवासाठी न्हाई, मंडळीसाठी न्हाई. तिसऱ्या बाकावर तुमी बसता म्हणून वाचतात. तुमाला वाचनारा मुलगा पायजे. मला नवरा पायजे, आंधळा असला तरी चालेल, नळ्या लावलेला असला तरी चालेल!"

कुणी माझ्या तोंडावर असं बोललं नव्हतं. मालक नाही, वसतिगृहाच्या मॅडम नाहीत. आणि ती खोटं काही बोलली नव्हती.

मी चप्पल घातली आणि देवळाकडं निघाले. सातव्या मिनिटाला पोचले असेन, एरवी मला पंधरा लागतात. आत बाया फुलांचे गुच्छ बांधत होत्या. बनुबाई शिडीवर. पाळकसाहेब उद्याच्या उपासनेचा कागद तपासत होते.

"या, दयाबाई. गुरुजींचा उपास काय म्हणतो?"

वाटेत मी विचार केला होता, की त्यांना बाजूला घेऊन कानात सांगावं. पण कानात सांगितलेलं मीच उद्यापर्यंत फिरवलं असतं. मला मी ओळखते. ताप आलाय म्हटलं असतं, घसा बसलाय म्हटलं असतं, आणि सणानंतर शलमोन पुन्हा पुस्तक घेऊन उभा राहिला असता, पुन्हा कुणाला तरी सगळं लपवत. म्हणून मी मधल्या वाटेवर उभी राहिले आणि वसतिगृहात दीडशे मुलींना जेवायला बोलवायची त्या आवाजात सांगितलं.

"शलमोन उद्या वाचनार न्हाई. त्याला दीड वर्ष दिसत न्हाई. साखरेनं डोळे गेलेत आन् त्याच साखरेनं मूत्रपिंडं गेलीत. तो वाचत नव्हता, पाठ म्हणत हुता. रूथ त्याला शिकवायची. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली हुती, ती रूथला वाचू द्यायची सोडून मी घडी करून ठेवली. मी. दुसऱ्या कुणी न्हाई."

बनुबाई शिडीवरून उतरली. मला वाटलं, आता हसेल. तिनं तोंडावर पदर धरला. "अगं बाई... आन् मी म्हणत हुते, सलाम घेत न्हाई."

"तू काय, मीबी तेच म्हणत हुते," मी म्हटलं.

पाळकसाहेब काहीतरी बोलायला लागले, प्रार्थना करू या म्हणाले. मी म्हटलं, तुमी करा, मला थांबता येत न्हाई. वळताना ऐकलं, कुणीतरी विचारत होतं, मग उद्या वाचणार कोण. एकोणीस वर्षं त्या प्रश्नावर माझा जीव होता. आता वाटलं, कुणीही वाचा, नाहीतर नका वाचू.

घराशी आले तर अमृतची गाडी दारात उभी. रूथ उंबऱ्यात बॅग घेऊन. आत शलमोन तसाच भिंतीला टेकलेला, ओठ निळसर, छातीतून पाण्यातून हवा यावी तसा आवाज.

"कुठं गेल्तीस?" त्यानं विचारलं.

"देवळात."

त्याला कळलं. "सांगितलंस?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

त्यानं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "एक दिवस... थांबली असतीस. मान घालवलीस माझी. आता... जगून तरी काय करू?"

रूथनं तोंड फिरवलं. मी त्याच्यापुढं बसले, मग आठवलं, समोरचं त्याला दिसत नाही. सरकून कडेला बसले, त्याच्या उजव्या अंगाला, जिथं माझं तोंड त्याला थोडं तरी दिसेल. त्याची सुजलेली हनुवटी हातात धरली आणि म्हटलं:

"शलमोन, आता मी बोलते, तू मधे बोलू नको, तुला श्वास पुरायचा न्हाई. लोक म्हणत हुते तू गर्विष्ठ झालास. तू गर्विष्ठ न्हाईस. तू भित्रा हायेस. आईला कसं सांगू या भीतीपायी तू खोटं वाचलंस आन् आज अशा दशेला आलास. ती भीती तुला मी पाजली, ल्हानपणापासनं. म्हणून गुन्हा निम्मा तुझा आन् निम्मा माझा. रूथचा कणभर न्हाई, आन् भोगतीय मात्र ती. उद्या तू वाचनार न्हाईस, पुढच्या रविवारी न्हाई, कधीच न्हाई. तू मानेत नळी घालून घेनार, आठवड्यातनं तीनदा त्या खाटेवर पडनार, आन् मी उशाला बसनार, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मास्तर लेक मला लई वर्षं मिळाला. आता मला नुसता जिता लेक पायजे. ऊठ. रूथच्या खांद्यावर हात ठेव."